पावसाळ्यात वाळेल असं पॅड शिवायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर वर्षी 28 मे रोजी मासिक पाळी स्वच्छता दिन पाळला जातो. 'वॉश युनायटेड' या जर्मन संस्थेच्या पुढाकाराने 2014 पासून ही प्रथा सुरू आहे. पाळीचं चक्र साधारण 28 दिवसांचं आणि स्राव पाच दिवसांचा, म्हणून पाचव्या महिन्याची 28 तारीख. हिशेब छान आहे, फक्त आपल्याकडे ही तारीख थोडी फसवी ठरते. याच सुमारास गावोगावी बचत गटांत, महाविद्यालयांत कापडी पॅड शिवायच्या कार्यशाळा होतात. मे महिन्याच्या उन्हात कसलंही पॅड दुपारपर्यंत खडखडीत वाळतं, त्यामुळे नमुना बरा की वाईट हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. पुढच्या दहा-बारा दिवसांत तळकोकणात पाऊस लागतो आणि तेच पॅड दोन-दोन दिवस दोरीवर ओलं लोंबकळत राहतं. वरून हाताला कोरडं लागतं, आत गार असतं. श्रावणापर्यंत ते कपाटाच्या तळाशी जातं आणि 'कापडी पॅडला वास येतो' असा निकाल लागून प्रकरण मिटतं. दोष कापडाचा नसून नमुन्याचा आहे. म्हणून हे पत्र.

कार्यशाळांत बहुतेक वेळा शिकवला जाणारा नमुना म्हणजे सगळे थर एकत्र शिवून टाकलेलं, जाड, बंद पॅड. घरोघरी कपडे वाळवायचं यंत्र असलेल्या थंड देशांत तो ठीक आहे. आपल्याकडे आठ थरांच्या मध्यभागी हवा पोचायला वाट नसते. ओल राहिली की बुरशी आणि जंतू वाढतात, वास येतो, कातडीला खाज सुटते. यावर उपाय फार जुना आहे आणि आज्यांना ठाऊक होता: घडी उलगडून वाळवायची. आधुनिक पॅडमध्ये फक्त ती घडी जागेवर धरून ठेवणारी एक पंखवाली तळपट्टी जोडायची. म्हणजे पॅडचे दोन भाग झाले. तळपट्टी दोनच थरांची, पातळ. घडी म्हणजे एकेरी कापडाचा चौकोन, तिहेरी दुमडून तळपट्टीवरच्या दोन बंदांखाली सरकवायचा. धुताना दोन्ही वेगळे होतात. आणखी एक फायदा बोलून दाखवला जात नाही, पण तोच सगळ्यांत मोठा असावा. उलगडलेली घडी दोरीवर रुमालासारखी दिसते. पंख असलेलं पॅड उघड्यावर वाळत घालायची लाज वाटते म्हणून ते परकराखाली, दाराआड, मोरीत वाळतं, म्हणजे वाळतच नाही. रुमालाकडे मात्र कुणी वळून बघत नाही.

आता कापड. घडीसाठी सुती फ्लॅनेल घ्यावं, तान्ह्या बाळाची झबली-दुपटी शिवतात ते. तळपट्टीसाठी मांजरपाट चालतो. दुकानात 'प्युअर कॉटन' म्हणून मिळणाऱ्या फ्लॅनेलमध्ये पॉलिस्टर मिसळलेलं असू शकतं, आणि पॉलिस्टर पाणी शोषत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काडीने पेटवावा. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे बोटाने चुरडेल अशी मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. दोन्ही धागे तपासायचे, कारण कधी ताणा सुती असतो आणि बाणा मिश्र.

जुनी सुती साडी घडीला उत्तम. तिची खळ गेलेली असते, आटायचं ते आटून झालेलं असतं. फक्त उजेडासमोर धरून पाहावं. जिथे धागे विरळ झालेत तो भाग सोडून द्यावा. टर्किश टॉवेल शोषायला चांगला, पण वाळायला सगळ्यांत उशीर लावतो. कापूस भरू नये, पहिल्याच धुण्यात त्याचे गोळे होतात. स्पंज तर नकोच. तो दाबला की शोषलेलं सगळं परत देतो आणि आतून धुतलाही जात नाही. गाडी पुसायच्या मायक्रोफायबरचंही तेच, शोषतं भरपूर पण बसल्याच्या दाबाने सोडून देतं.

नवं कापड कापण्याआधी धुणं ही पायरी घाईत हमखास गाळली जाते. फ्लॅनेल पहिल्या गरम पाण्यात मीटरमागे पाच-सहा सेंटीमीटर आटतं, मांजरपाटही आटतो. न धुता शिवलं तर वरचा थर एका मापाने आणि खालचा दुसऱ्या मापाने आटून पॅड वाडग्यासारखं वळतं. शिवाय मांजरपाटाला खळ असते. दोन-तीनदा धुवावं आणि मग वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर अजून खळ आहे. टेकताक्षणी पसरला तर कापायला घ्या. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण इथे आणि पुढेही कधी वापरू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड पाणी घेईनासं होतं.

दिवसाच्या पॅडचं तयार माप लांबी 25 सेंटीमीटर, रुंदी 7, आणि पंख उघडे धरून एकूण रुंदी 17. चारी बाजूंनी 1 सेंटीमीटर माया (शिलाईत जाणारं जादा कापड) धरून तुकडा 27 बाय 19 चा कापायचा. जुन्या कॅलेंडरच्या पानाचा याच मापाचा कागद आधी उभा, मग आडवा दुमडावा आणि एकच पाव भाग आखून कापावा, म्हणजे दोन्ही पंख आणि दोन्ही टोकं सारखी येतात. पंख मुळाशी 8 सेंटीमीटर, टोकाला 4, कोपरे गोल. कापडाचा उभा धागा पॅडच्या लांबीत यायला हवा. आडवं ठेवून कापलं तर पॅड लांबीत ताणलं जातं आणि चालताना मागे सरकतं.

निकरखाली दुमडून जोडायच्या पंखांच्या बटणाचं गणित एकदा समजलं की नमुना पाहावा लागत नाही. दोन बटणांमधलं अंतर, पॅड उघडं सपाट ठेवून मोजलेलं, पॅडच्या हव्या त्या रुंदीच्या दुप्पट असतं. 7 सेंटीमीटरसाठी 14, म्हणजे प्रत्येक पंखाच्या टोकापासून दीड सेंटीमीटर आत. हे अंतर 16 झालं तर पॅड सैल बसतं आणि गोल फिरतं. 12 झालं तर मधोमध गोळा होऊन पन्हळीसारखं वाकतं आणि कडेने गळती होते. निकरच्या मधल्या पट्टीची रुंदी प्रत्येकीची वेगळी, म्हणून एका पंखावर एक आणि दुसऱ्यावर 1 सेंटीमीटर अंतराने दोन बटणं लावली की काम भागतं. लोखंडी टिचबटण गंजतं आणि त्याचा डाग रक्ताच्या डागापेक्षा हट्टी. प्लास्टिकचं किंवा पितळी घ्यावं. फ्लॅनेल किंवा जुनं कापड बटणाजवळ फाटतं, तेव्हा पंखाच्या आतून 2 सेंटीमीटरचा मांजरपाटाचा गोल ठिगळ लावून मगच बटण. वेल्क्रो टाळावं. ते धुताना घडीच्या लवेला चिकटतं, तिची लव ओढून काढतं आणि मांडीला ओरखडे देतं ते निराळंच.

रात्रीसाठी लांबी 31 सेंटीमीटर. वाढवलेले 6 सेंटीमीटर फक्त मागच्या बाजूला द्यायचे, पंख पुढच्या टोकापासून आधीच्याच अंतरावर. त्यामुळे कागद चौपदरी दुमडायची युक्ती इथे चालत नाही. फक्त उभा दुमडावा.

घडीचा चौकोन 24 बाय 22 सेंटीमीटरचा कापून कडांना इंटरलॉक मारून घ्यावं. कडा मारल्यावर 23 बाय 21 राहतो आणि 21 ची बाजू तिहेरी दुमडली की बरोबर 7 होते. घरी इंटरलॉक नसेल तर झिगझॅग टीप किंवा हाताने काजटाका चालेल, पण कडा दोनदा दुमडून शिवू नये. ती दुमड बसताना दोरीसारखी टोचते आणि धुतल्यावर सगळ्यांत शेवटी वाळते. सुटी कड नेहमी तळपट्टीकडे ठेवायची. एक घडी म्हणजे तीन थर. स्राव जास्त असेल त्या दिवशी दुसरी घडी पहिलीच्या पोटात घालायची, सहा थर होतात. शिवलेल्या पॅडमध्ये अशी जुळवाजुळव करता येत नाही.

आता शिलाई. तळपट्टीचा वरचा थर घेऊन त्याच्या सुलट बाजूवर दोन्ही टोकांपासून 3 सेंटीमीटरवर 2 सेंटीमीटर रुंदीची सुती फीत, म्हणजेच घडी धरणारा बंद, आडवी लावायची. इथे मायेसकट पट्टी 9 सेंटीमीटर रुंद आहे, फीत 10 सेंटीमीटर कापावी. तो जादा सेंटीमीटर दुहेरी घडी मावण्यासाठी आहे. फीत ताणून लावली तर घडी सरकवताना आठ्या पडतात. मग दोन्ही थरांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेपासून 1 सेंटीमीटरवर टीप मारायची आणि एका सरळ बाजूला उलटवण्यापुरती 6 सेंटीमीटरची फट सोडायची. सरळ बाजू फार लांब नसते, तरी फट तिथेच. गोलाईवर किंवा पंखावर सोडली तर नंतर ती नीट बंद होत नाही. फटीच्या दोन्ही तोंडांशी उलट टीप, नाहीतर उलटवताना उसवतं.

पंख आणि पट्टी मिळतात तो आतला कोपरा, शिवणकामाच्या भाषेत पंखाची काख, तिथे शिलाईपासून 2 मिलिमीटर अलीकडपर्यंत कात्रीने तीन-चार चिरा द्याव्यात. बाहेरच्या गोलाईवरची माया कापून अर्धा सेंटीमीटर ठेवावी. चिरा दिल्या नाहीत तर पॅड उलटवल्यावर काखेत कापड ओढलं जातं, पंख सपाट दुमडत नाही आणि तिथेच चुणी पडून कडेने डाग लागतो. चीर शिलाईपर्यंत गेली तर भोक पडतं. चमच्याच्या दांड्याने टोकं बाहेर काढायची, इस्त्री फिरवायची, आणि कडेपासून 3 मिलिमीटरवर चहूबाजूंनी एक टीप मारली की फटही बंद होते. साध्या पायडल मशीनवर 14 नंबरची सुई पुरते. मायेचे थर साठतात तिथे सुई अडली तर हाताने चाक फिरवून तेवढे चार टाके घ्यावेत. पाय दाबत राहिलं की सुई मोडते.

खालचा थर जलरोधक हवा का, हा प्रश्न नेहमी येतो. दर चार-पाच तासांनी घडी बदलणं शक्य असेल तर दोन्ही थर मांजरपाटाचे ठेवले तरी चालतं. प्रवास, शाळा, शेतातलं काम असेल तर खाली पीयूएल लावावं. पॉलिस्टरच्या विणीवर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं हे कापड पाणी अडवतं, वाफ थोडीफार जाऊ देतं. पापुद्र्याची चकचकीत बाजू आत यावी. टाचण्या फक्त मायेत टोचाव्यात, मधे टोचली की कायमचं भोक. टाचणीऐवजी कपड्यांचे चिमटे उत्तम. टाका 3 मिलिमीटरचा ठेवावा. बारीक टाक्याने पापुद्रा टपाल तिकिटाच्या कडेसारखा भोकाभोकांचा होऊन फाटतो. दोरा पॉलिस्टरचा घ्यावा, कारण सुती दोरा वातीसारखा ओल बाहेर ओढतो. चकचकीत बाजू मशीनच्या पायाला चिकटून पुढे सरकत नसेल तर वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवावं आणि नंतर फाडून टाकावी. मधोमध नक्षीची टीप मारायचा मोह आवरावा, प्रत्येक टाका म्हणजे गळतीचं छिद्र. प्लास्टिकची पिशवी किंवा मेणकापड मात्र नको. घामाने कातडी सोलवटते आणि आतलं कापड कोंदटतं. छत्रीच्या कापडावरचा लेप धुता धुता निघून जातो, तेव्हा तेही तात्पुरतंच.

एक मीटर फ्लॅनेल (36 इंची पन्हा, धुऊन आटलेलं) घेतलं तर 12 घड्या निघतात. एक मीटर मांजरपाटात सहा तळपट्ट्यांचे दोन्ही थर बसतात. पीयूएल 58 इंची पन्ह्याचं असेल तर सहा पट्ट्यांना 30 सेंटीमीटर पुरतं. उन्हाळ्यात चार तळपट्ट्या आणि आठ घड्यांत पाळी निभावते. पावसाळ्यात दोन दिवसांचा माल दोरीवरच अडकलेला असतो, म्हणून सहा आणि बारा हा संच धरावा.

शिवून झालं की वापराआधी घरीच चाचणी घ्यावी. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद, वर बटणं लावलेलं पॅड, त्यावर औषधाच्या चमच्याने दोनदा पाच-पाच मिलिलिटर पाणी सावकाश ओतायचं. मिनिटभर थांबून वर ताटली ठेवून तळहाताने जोर द्यायचा. कागदावर गडद ठिपका उमटला तर कुठून उमटला ते बघावं: मधे असेल तर थर कमी, कडेला असेल तर बटणाचं अंतर चुकलंय. संपूर्ण पाळीत रक्त सरासरी 30 ते 40 मिलिलिटर जातं आणि 80 च्या पुढे तो अतिस्राव मानतात, म्हणजे एका वेळी 10 मिलिलिटरची परीक्षा चांगलीच कडक आहे. तासातासाला घडी भिजत असेल तर थर वाढवत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

धुण्यात एकच चूक मोठी असते, आणि ती स्वच्छतेच्या हौसेने होते. वापरलेलं कापड आधी गरम पाण्यात टाकलं जातं. उष्णतेने रक्तातली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात आणि डाग धाग्यात पक्का बसतो. आधी गार पाणी, अर्धा तास, पाणी लाल झालं की बदलायचं. मग साबण लावून चोळायचं. डाग सुटल्यावर घडी खुशाल उकळावी, ती निव्वळ सूत आहे. पीयूएलची तळपट्टी उकळू नये, तिच्यावर ब्लीचही नको, पापुद्रा सुटतो. रात्रभर भिजत ठेवणं टाळावं, त्या पाण्यालाच वास धरतो. बोअरचं जड पाणी असेल, मराठवाड्यात अनेक ठिकाणी असतं, तिथे साबणाचा साका धाग्यांत साठून घडी पापडासारखी कडक होते आणि पाणी घेत नाही. महिन्याकाठी एकदा गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून घडी तासभर भिजवावी, आणि खळबळताना शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर. मघाची थेंबाची परीक्षा इथेही लागू पडते.

पावसात घडी पूर्ण उलगडून, एकेरी, पंख्याखाली किंवा वाऱ्याच्या खिडकीत घालावी आणि ठेवण्याआधी गरम इस्त्री फिरवावी. इस्त्रीखालून वाफ निघत असेल तर ती अजून ओली आहे. तळपट्टीची मांजरपाटाची बाजू हवेकडे. गडद रंगाचं कापड डाग दिसू नये म्हणून निवडतात, पण डाग निघाला की नाही हेही मग दिसत नाही. घडी फिक्या रंगाचीच बरी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 24 वयाच्या निम्म्या मुलींनी पाळीत कापड वापरत असल्याचं सांगितलं. काही जणी सोबत नॅपकिनही वापरतात. पण त्या सर्वेक्षणाच्या 'स्वच्छ साधनां'च्या व्याख्येत कापड नाहीच. ते उन्हात वाळलं की गादीखाली, याने काही फरक पडत नाही. दुसरीकडे भारतीय मानक ब्युरोने 2021 मध्ये पुन्हा वापरायच्या पॅडसाठी आयएस 17514 हे स्वतंत्र मानक काढलं. एक सरकारी कागद कापडाला अस्वच्छ म्हणतो आणि दुसरा त्याची गुणवत्ता ठरवतो. आश्रमशाळांमध्ये आणि मुलींच्या वसतिगृहांत वाळवणीसाठी छपराखाली, वारा लागेल अशी एक दोरी बांधून मिळाली तर हा वाद निम्मा सुटेल. ज्या संस्था कार्यशाळा घेतात त्यांनी कापड आधीच धुऊन आणावं, आणि शक्य असल्यास एखादी कार्यशाळा मे सोडून जुलैत ठेवावी.

आपल्याकडे एक विनंती आहे. मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राच्या पानात 27 बाय 19 सेंटीमीटरचा आराखडा प्रत्यक्ष मापात आरामात बसतो. तो आपल्या पुरवणीत एकदा छापावा. वाचक पान कापून थेट कापडावर ठेवतील. आराखडा पानाच्या मधल्या घडीवर येऊ देऊ नये, तिथे कागद फुगतो आणि माप चुकतं. ई-पेपरवरून छापून घेणाऱ्यांसाठी कोपऱ्यात 5 सेंटीमीटरची एक रेघ असावी, म्हणजे छपाईत माप लहान झालं तर पट्टी लावून लगेच कळेल.

आपल्या,
शिवणवर्ग चालवणाऱ्या काही जणी, चिपळूण